दादरला कोणी ना कोणी भेटतंच

मुंबईत ज्यांचं आयुष्य लोकलमध्ये गेलंय त्यांना मी हे सांगायला नको, पण पुण्या-नाशिकच्या मैत्रिणींना दरवेळी आश्चर्य वाटतं की एवढ्या मोठ्या शहरात तुम्हाला ओळखीची माणसं रस्त्यात भेटतातच कशी. भेटतात. आणि बहुतेक वेळा दादरलाच भेटतात. चर्चगेटला नाही, अंधेरीला नाही, दादरला. मी डोंबिवलीला राहते आणि बांद्र्याला नोकरी करते, म्हणजे सकाळ-संध्याकाळ दादरला उतरून पूल चढून लाईन बदलणं आलंच, आणि त्या पाच-सात मिनिटांत शाळेतली कोणी, जुन्या बिल्डिंगमधल्या काकू, नवऱ्याचा मित्र, आधीच्या ऑफिसातला कोणी, असं कोणी ना कोणी अधूनमधून समोर येतंच. लोक याला योगायोग म्हणतात, मला ते पटत नाही. हे शहर ज्या पद्धतीने वाढलं, आपली माणसं जशी पांगली, त्यात ही गाठ पडणारच होती.

बघा ना, आपल्या मराठी घरांचं काय झालं. आजोबा-पणजोबांची पिढी गिरगावात, लालबाग-परळला, दादरला एकेका खोलीत राहिली. मग मुलांची लग्नं झाली, खोली पुरेना, त्यात १९८२ चा गिरणी संप झाला, गिरण्या हळूहळू बंदच पडत गेल्या, पुढे चाळी पाडून टॉवर यायला लागले आणि ज्याला जिथे परवडलं तो तिथे गेला. कोणी सेंट्रलला, डोंबिवली, कल्याण, बदलापूर. कोणी वेस्टर्नला, बोरिवली, नालासोपारा, विरार. आमच्याच घरात आईची एक बहीण वसईला, दुसरी कल्याणला, मामा बोरिवलीला आणि आम्ही डोंबिवलीला. सख्खी भावंडं, पण दोन वेगळ्या लायनींवर. वसई-दिवा मार्गे गाड्या आहेत पण त्या मोजक्या, त्यांच्या वेळा सांभाळून नातेवाईकांकडे जायचं म्हणजे सगळा दिवस त्यातच. परळ आणि प्रभादेवी पुलाने जोडलेली आहेत, पण तिथे फास्ट गाडी थांबत नाही. म्हणजे पश्चिमेची माणसं आणि मध्यची माणसं जिथे सोयीने एकमेकांसमोर येणार ती जागा दादर. एकाच घरातून निघालेले दोन फाटे परत तिथेच एकत्र येतात.

त्यामुळे आमच्याकडे "दादरला दे, मी घेते" हे वाक्य लहानपणापासून ऐकलंय. लग्नाची पत्रिका दादरला, दिवाळीचा फराळ दादरला, कोणाच्या शाळेचे दाखले, कोणाचा दुरुस्त केलेला चष्मा, बाळंतिणीसाठी डिंकाचे लाडू, सगळं दादरला. स्टेशनच्या बाहेर पडायचंच नाही, पास असतो, पुलावर नाहीतर प्लॅटफॉर्मवर उभं राहून पिशवी द्यायची-घ्यायची आणि आपापली गाडी पकडायची. वसईची मावशी दरवर्षी सुकेळी, म्हणजे वाळवलेली केळी, आणते, केळीच्या वाळक्या पानात घट्ट बांधून वरून सुतळी, तो गठ्ठा ती कधीच प्लॅस्टिकच्या पिशवीत घालत नाही, घाम येतो म्हणते, कापडी पिशवीच हवी. मग ती पिशवी माझ्या हातात देताना ती आधी पिशवीचं तोंड उघडून दाखवते, "ही वरची दोन आजच खा, खालची चार दिवस राहतील," आणि मागे विरार फास्टची अनाउन्समेंट चालू असते, तिचा एक डोळा इंडिकेटरवर, एक माझ्या तब्येतीवर. "बारीक झालीस." प्रत्येक वेळी. मी तिला भाजणीचा डबा देते, ती मागच्या वेळचा रिकामा डबा परत देते, रिकामा कधीच नसतो म्हणा, त्यात काहीतरी असतंच. हे सगळं चार मिनिटांत. पण त्या चार मिनिटांवर आमचं नातं वर्षभर टिकून राहतं हे मी अगदी मनापासून सांगते, कारण वसईला जाणं-येणं वर्षातून एखाददोनदाच होतं.

मोबाईल नव्हते तेव्हा हे कसं जमायचं याचं मला अजूनही कौतुक वाटतं. आई सांगते, ऑफिसच्या फोनवरून ठरवायचं, "सहा वाजता, मधल्या पुलाखाली, पुढच्या लेडीज डब्यापाशी" आणि मग थांबायचं. गाड्या लेट असल्या तर तासभर थांबायचं. त्यात एक मोठा घोळ असायचा तो म्हणजे प्लॅटफॉर्मचे नंबर. वेस्टर्नचाही एक नंबर आणि सेंट्रलचाही एक नंबर, त्यामुळे एक बहीण वेस्टर्नच्या एक नंबरवर आणि दुसरी सेंट्रलच्या एक नंबरवर, दोघी रागावून घरी. हा घोळ कितीतरी वर्षं चालला. अखेर ९ डिसेंबर २०२३ पासून नंबर सलग केले, वेस्टर्नचे १ ते ७ तसेच राहिले आणि सेंट्रलचे ८ ते १४ झाले. मला हे फार आवडलं. पेपरात तेव्हा प्रवासी गोंधळले वगैरे आलं होतं, गोंधळले असतीलही सुरुवातीला, पण आता "दहा नंबरवर ये" म्हटलं की दहा नंबर एकच आहे. बाहेरगावाहून आलेल्या म्हाताऱ्या माणसाला फोनवर सांगताना याची किंमत कळते.

आता कोणी म्हणेल की लाईन बदलायची जागा असली की झालं, ओळखीचे भेटणारच. तसं नाही होत. घाटकोपर बघा. २०१४ मध्ये मेट्रो आली तेव्हापासून सेंट्रलवरून अंधेरीकडे जाणारी प्रचंड माणसं घाटकोपरला उतरतात, गर्दी दादरपेक्षा कमी म्हणता येणार नाही, मीही काही काळ तिथून गेले आहे. पण तिथे मला जवळजवळ कोणीच भेटलं नाही. का, तर सगळी गर्दी एकाच दिशेला चाललेली असते, सकाळी सगळे मेट्रोकडे आणि संध्याकाळी सगळे मेट्रोकडून. तुमच्या पुढच्याची पाठ दिसते, चेहरा दिसतच नाही. दादरच्या पुलावर दोन्ही बाजूंनी माणसं येतात, सेंट्रलची वेस्टर्नला आणि वेस्टर्नची सेंट्रलला, एकाच वेळी, समोरासमोर. चेहरे दिसतात. आणि दुसरं म्हणजे दादरला माणूस नुसता गाडी बदलायला येत नाही, मुद्दाम उतरतो. रानडे रोडला साड्या-ब्लाउजपीस, छबिलदासच्या गल्लीत पुस्तकं आणि वडा, पूर्वेला कैलास मंदिरची लस्सी, पलीकडे स्वामीनारायण मंदिर. मराठी घरात लग्न, मुंज, बारसं, गणपती, काहीही असलं की दादरची एक फेरी होतेच, मग माणूस ठाण्याला राहो नाहीतर पनवेलला. मॉल सगळीकडे झाले तरी मुंडावळ्या घ्यायला लोक दादरलाच येतात. डिसेंबरात तर अमेरिकेहून, दुबईहून आलेल्यांचीही त्यात भर पडते, सुट्टी पंधरा दिवसांची आणि खरेदीची यादी लांबलचक, त्यामुळे कॉलेजनंतर कधीच न दिसलेली माणसं रानडे रोडला दिसतात. माझी कॉलेजमधली एक मैत्रीण न्यू जर्सीला असते, ती मुंबईत आल्याचं मला तिने कळवलं नव्हतं, कळवायला वेळच नव्हता तिला, आणि आम्ही खणाच्या कापडाच्या दुकानात एकाच ताग्याला हात लावून उभ्या होतो. तिथेच दुकानदाराने स्टूल दिलं आणि आम्ही अर्धा तास बसलो.

फूल मार्केटबद्दल मात्र जरा सविस्तर लिहायचंय. दादर पश्चिमेला स्टेशनच्या बाहेर पडलं की समोरच मीनाताई ठाकरे फूल मंडई आणि तिच्या आजूबाजूला रस्त्यावरचा सगळा बाजार. दसऱ्याच्या आदल्या दिवशी पहाटे तिथे जाऊन बघा. झेंडूचे ढीग माणसाच्या कमरेपर्यंत, पिवळा वेगळा, केशरी वेगळा, आपट्याच्या फांद्यांचे भारे, भाताच्या लोंब्या, आंब्याचे डहाळे, आणि पायाखाली ओला पालापाचोळा झालेला, चपलेला चिकटतो तो. सगळे खाली बघून चालत असतात, एक म्हणजे घसरायला नको म्हणून आणि दुसरं म्हणजे फुलं बघायची असतात. त्यामुळे तिथे माणसं एकमेकांना चेहऱ्याने कमी आणि आवाजाने जास्त ओळखतात. मी एका ढिगापाशी वाकून झेंडू बघत होते, फूल उलटं करून देठाकडून दाबून बघायचं असतं, आतून काळं पडलेलं असेल तर तिथे कळतं, आणि शेजारून आवाज आला, "वजन करायच्या आधी पाणी झटका त्याचं, पाण्याचे पैसे नाही देणार मी." आवाज ऐकल्याबरोबर पाठ ताठ झाली माझी. आठवीत गणित शिकवायच्या त्या बाई. केस पूर्ण पांढरे, हातात काठी, पण आवाज तोच, शेवटच्या बाकापर्यंत जाणारा. मी नाव सांगितलं, त्यांनी क्षणभर बघितलं आणि माझं नाही तर माझ्या बाकावरच्या मुलीचं नाव घेऊन विचारलं, "ती कुठे असते गं आता?" म्हणजे जोडी लक्षात होती. मग मी त्यांची पिशवी घेतली, त्यांनी माझ्या फुलांचाही भाव केला, आणि मी त्यांना टॅक्सीपर्यंत सोडायला गेले तेवढ्यात त्यांनी मला अर्ध्या वर्गाची खबर दिली. कोण कुठे, कोणाचं काय. बाईंना हे सगळं कुठून कळतं असं विचारलं तर म्हणाल्या, इथेच. दर सणाला इथे येते, दर सणाला कोणीतरी भेटतं.

शिवाजी मंदिरचं मध्यंतर हीदेखील अशीच एक जागा. ते नाट्यगृह १९६५ चं, प्लाझा सिनेमाच्या समोर, आणि नाटकाला आलेल्यांपैकी निम्मे तरी मध्यंतरात बटाटावड्यासाठी बाहेर येतात. त्या गर्दीत हातात गरम वडा घेऊन उभं असताना कोणी ना कोणी हाक मारतंच. नाटकाला येणारा प्रेक्षक तसा ठराविक, वर्षानुवर्षं तोच, त्यामुळे नावं माहीत नसली तरी चेहरे ओळखीचे होतात, "मागच्या नाटकाला दिसला नाहीत" असं अनोळखी माणूसही म्हणतो. दुसरी घंटा होते आणि बोलणं अर्धवट राहतं, ते नाटक संपल्यावर जिन्यात पूर्ण होतं.

आणि शिवाजी पार्क. आधी माहीम पार्क म्हणायचे, १९२७ मध्ये नगरसेविका अवंतिकाबाई गोखल्यांच्या आग्रहामुळे त्याला शिवाजी महाराजांचं नाव मिळालं. त्या मैदानाभोवती जो सलग कट्टा आहे ना, बुटका, दगडी, त्याच्याइतकी शहाणी गोष्ट मुंबईत दुसरी नाही असं माझं ठाम मत आहे. बसायला पैसे नाहीत, गेट नाही, वॉचमन नाही, काही विकत घ्यायची सक्ती नाही. संध्याकाळी लोक मैदानाभोवती फेऱ्या मारतात, काही एका दिशेने, काही उलट्या दिशेने, त्यामुळे उलट्या दिशेने येणारा माणूस एका फेरीत दोनदा समोर येतो. पहिल्यांदा नुसतं हसायचं, दुसऱ्यांदा "काय, कसं काय" आणि तिसऱ्यांदा दोघं कट्ट्यावर बसलेले. माझ्या सासऱ्यांची रिटायर झाल्यानंतरची जवळजवळ सगळी मैत्री अशीच झाली. चालताना ओळख आणि बसायला कट्टा, दोन्ही लागतं, नुसत्या चालण्याने काही होत नाही.

६ डिसेंबरला चैत्यभूमीला महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यातून माणसं येतात, विदर्भातून, मराठवाड्यातून, रात्रभर प्रवास करून. माझ्या ऑफिसमधली एक सहकारी मूळची नांदेडकडची, ती दरवर्षी शिवाजी पार्कला जाते. ती सांगते, अभिवादनाची रांग मोठी असते, पण नंतर मैदानावरच्या पुस्तकांच्या स्टॉलपाशी गेलं की माहेरच्या तालुक्यातलं कोणीतरी नक्की असतं. गावाला तिचं जाणं आता कमी झालंय, आई-वडील नाहीत, पण चुलत्यांची पोरं, शाळेतल्या मैत्रिणी, त्यांची मुलं, सगळी तिला तिथे भेटतात. मुलं किती मोठी झाली हे ती तिथे बघते. पुस्तकं घेते, त्यातली काही तिथल्या तिथे त्या मुलांना देऊन टाकते. हे ऐकल्यापासून माझ्या डोक्यात दादरचं चित्र बरंच मोठं झालं, कारण मी तोपर्यंत फक्त मुंबईच्या दोन लायनींचा विचार करत होते.

कोकणातल्यांचं वेगळं. रात्री बाराच्या सुमाराला दादरहून सावंतवाडीची तुतारी एक्सप्रेस सुटते. गणपतीच्या आधी चार दिवस त्या प्लॅटफॉर्मवर उभं राहिलं तर निम्मी वाडी तिथेच गोळा झालेली दिसते. मखराचे खोके, नवीन कपड्यांच्या पिशव्या, पेंगुळलेली पोरं, आणि "तू खंय रवतंस आता?" "विरारला." "आणि मी कळव्याक." म्हणजे गावात घरं शेजारी-शेजारी, मुंबईत आल्यावर वर्षभर गाठ नाही आणि भेट झाली ती गावाला निघताना दादरला. मला वाटतं या भेटी फार खऱ्या असतात कारण तिथे वेळ असतो, गाडी लागायची असते, सामानावर बसून बोलता येतं.

वेळ आणि थांबायला जागा, या दोन गोष्टींबद्दलच मला खरं म्हणजे हे सगळं लिहावंसं वाटलं. कारण गाठ पडणं दादरला आजही होतं, रोज होतं, पण पुढे बोलणं होत नाही. पूर्वी पुलावर कडेला उभं राहता यायचं. २९ सप्टेंबर २०१७ ला एल्फिन्स्टन रोडच्या, म्हणजे आताच्या प्रभादेवीच्या, पुलावर चेंगराचेंगरी झाली, २३ माणसं गेली, त्यानंतर सगळ्याच स्टेशनांच्या पुलांकडे लोक वेगळ्या नजरेने बघायला लागले. ते बरोबरच आहे. त्या दिवशी सकाळी माझ्या ओळखीतल्या कितीतरी घरांत फोन वाजत होते, "तू कुठे आहेस" म्हणून. स्टेशनपासून १५० मीटरमध्ये फेरीवाले नकोत असा हायकोर्टाचा निकालही त्याच वर्षी आला. पूल मोकळे हवेत, तिथे थांबू नये, यात दुमत नाही, मी स्वतः कोणी पुलावर थांबलं तर त्याला हाताला धरून खाली नेते. पण मग खाली तरी जागा हवी ना. पुलावरून उतरलं की जिना, जिन्यापाशी रांग, बाहेर पडलं की रिकाम्या टॅक्सी, माल उतरवणारे टेम्पो, खोदलेला फुटपाथ. ओळखीचं माणूस समोर आलं की दोघंही "फोन कर हं" म्हणतात आणि गर्दीबरोबर पुढे ढकलले जातात. फोन कोणी करत नाही. परवा माझ्या जुन्या शेजारीण काकू अशाच दिसल्या, काकांना जाऊन सहा महिने झाल्याचं त्यांनी जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर सांगितलं, मागून लोक "चलो चलो" करत होते. त्यांचा हात हातात घ्यायलाही जागा नव्हती. हे मला फार लागलंय.

एक चांगलं झालंय. सेंट्रलचा पूर्वीचा दोन नंबर प्लॅटफॉर्म २०२३ मध्ये बंद करून एक नंबर, म्हणजे आताचा आठ नंबर, रुंद केला. काम चालू होतं तेव्हा लोक वैतागले होते, पण आता तिथे गर्दीच्या वेळेलासुद्धा भिंतीकडच्या बाजूला दोन माणसं उभी राहून बोलू शकतात आणि कोणाच्या वाटेत येत नाहीत. मावशीला मी आता तिथेच बोलावते, पुलावर नाही. तिला तेवढं जास्त चालावं लागतं पण ती म्हणते इथे बरं, इथे तुझा चेहरा तरी नीट दिसतो.

मेट्रो ३ पण आता दादरला आलीय, मे २०२५ पासून, आणि तिचं स्टेशन रेल्वे स्टेशनच्या खाली नसून प्लाझाकडे आहे. काहीजण याला गैरसोय म्हणतात, सामान घेऊन चालावं लागतं, पावसात तर हाल, ते खरंच आहे. तरीसुद्धा मला त्यात एक जमेची बाजू दिसते. मेट्रोतून लोकलला जाणारा माणूस आता बाजारातून चालत जातो. म्हणजे शिवाजी मंदिर, भाजीवाल्या, पुस्तकांची दुकानं, फुलवाले, सगळ्यांच्या मधून. लोकलचे, मेट्रोचे आणि नुसते खरेदीला आलेले असे तिन्ही प्रकारचे लोक एकाच रस्त्यावर. मी गेल्या काही महिन्यांत तो रस्ता मुद्दाम चालत जाते आणि तिथे दोन जुन्या सहकाऱ्यांशी गाठ पडली, दोघंही पूर्वी कारने जायचे, आता मेट्रोने येतात. त्यातल्या एकाबरोबर उभ्याउभ्या चहा झाला, कारण टपरीच्या बाजूला एका बंद दुकानाची पायरी होती. दुकान उघडं असतं तर ती पायरीही मिळाली नसती. महापालिकेने त्या रस्त्याचे फुटपाथ करताना दर पन्नास पावलांवर एक बाक आणि वर थोडी सावली एवढं जरी केलं तरी खूप होईल, शिवाजी पार्कचा कट्टा बांधणाऱ्यांनी ते कधीच ओळखलं होतं. वॉर्ड ऑफिसला मी तसं पत्र दिलंय, आमच्या डब्यातल्या बायकांच्या सह्या घेऊन, आणि दादरला राहणाऱ्यांच्या सह्या मिळवायचं काम आता शिवाजी पार्कला फेऱ्या मारणाऱ्या सासऱ्यांच्या मित्रांनी अंगावर घेतलंय.